कमी दिवसांच्या बाळाला लाइटखाली ठेवलंय, म्हणजे नक्की काय होतं आणि आईबाबांनी काय काय बघायचं

"बाळाची कावीळ वाढलीय, लाइटखाली ठेवतोय" हे वाक्य एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नर्स म्हणून मी आजवर किती आईबाबांना सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी समोरचा चेहरा तसाच पडतो, कारण बाळ आधीच महिना दोन महिने लवकर आलेलं असतं, अंगाला वायरी लागलेल्या असतात, आणि आता डोळ्यांवर पट्टी बांधून वरून तो निळा झगझगीत उजेड. त्या क्षणी पाच मिनिटांत जे सांगता येतं ते फार थोडं असतं, आणि घाबरलेल्या माणसाच्या ते डोक्यात पण राहत नाही. म्हणून इथे सगळं नीट लिहून काढतेय, पायरीपायरीने, म्हणजे रात्री झोप येत नसेल तेव्हा शांतपणे वाचता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. हा लाइट म्हणजे औषध आहे. औषधाला जसा डोस असतो, तो कमी पडू शकतो, जास्त होऊ शकतो, त्याचे साइड इफेक्ट असतात, कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं याचे आकडे असतात, तसंच सगळं इथेही आहे. नुसता निळा बल्ब लावला म्हणजे ट्रीटमेंट सुरू झाली असं नसतं.

आधी हे कळू दे की कावीळ होते कशी

आपल्या रक्तातल्या लाल पेशी जुन्या झाल्या की तुटतात, त्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. साधारण १ ग्रॅम हिमोग्लोबिनमधून ३४-३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन निघतं. मोठ्या माणसाची लाल पेशी १२० दिवस जगते, पूर्ण दिवसांच्या बाळाची ६० ते ९० दिवस, आणि कमी दिवसांच्या बाळाची त्याहूनही कमी. म्हणजे वजनाच्या मानाने बाळाच्या अंगात हा पिवळा पदार्थ मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त तयार होत असतो.

बनतं जास्त आणि बाहेर टाकायची यंत्रणा कच्ची, अशी दोन्हीकडून अडचण असते. लिव्हरमध्ये एक एन्झाइम असतं जे बिलिरुबिनला पाण्यात विरघळेल असं करतं, मग ते पित्तातून शीवाटे निघून जातं. जन्माच्या वेळी हे एन्झाइम मोठ्या माणसाच्या जेमतेम १ टक्का काम करत असतं. शिवाय लवकर आलेलं बाळ तोंडाने दूध कमी घेतं, शी उशिरा होते, आतड्यात आलेलं बिलिरुबिन तिथूनच परत रक्तात शोषलं जातं. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळांत साधारण ६० टक्के बाळं पिवळी दिसतात आणि लवकर जन्मलेल्यांत ८० टक्के, आणि लवकर आलेल्यांची कावीळ चढते पण हळू आणि उतरते पण हळू, पाचव्या ते सातव्या दिवशी टोक गाठते आणि दोन आठवडे सहज रेंगाळते. यात तुमचं काही चुकलं नाही, गरोदरपणात काय खाल्लं काय नाही त्याचा इथे काही संबंध नाही, आयांना हे सांगावंच लागतं कारण त्या मनातल्या मनात स्वतःला दोष देत बसतात.

मग एवढं कॉमन आहे तर घाई कशाला? कारण बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर कायमचं नुकसान करतं. रक्तात ते अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरतं, चिकटलेलं असेपर्यंत ते मेंदूत जात नाही. कमी दिवसांच्या बाळात अल्ब्युमिन कमी, त्यात इन्फेक्शन असेल, रक्तात आम्लता वाढली असेल, ऑक्सिजन कमी पडला असेल, तर सुटं बिलिरुबिन वाढतं आणि मोठ्या बाळाला जो आकडा सहज झेपतो त्याच आकड्याला हे बाळ धोक्यात येऊ शकतं. काही औषधं पण बिलिरुबिनला त्या प्रोटीनवरून ढकलून देतात, सेफ्ट्रायॅक्सोन हे त्यातलं एक, म्हणून कावीळ असलेल्या नवजात बाळांना ते टाळतात.

उजेडाने नक्की होतं काय

हा शोध एका नर्समुळे लागला हे सांगताना मला आजही भरून येतं. १९५६ साली इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये सिस्टर जीन वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळायच्या. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा बरी म्हणून हवा चांगली असली की त्या बाळांना अंगणात न्यायच्या. एकदा राउंडला त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं, सगळं अंग फिकट झालेलं आणि एकच त्रिकोणी तुकडा गर्द पिवळा, कारण तेवढ्या भागावर चादरीचं टोक पडलेलं होतं! पुढे तिथेच उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिन पण उतरलेलं निघालं, आणि १९५८ मध्ये डॉ. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पहिला पेपर छापला. १९६८ मध्ये अमेरिकेत जेरोल्ड ल्यूसी यांच्या टीमने लवकर जन्मलेल्या बाळांवरच रीतसर चाचणी करून दाखवली, तेव्हा कुठे जगभर हे रुळलं.

आता आतलं काम. निळा उजेड त्वचेत शिरतो आणि तिथल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो. हे दोन-तीन प्रकारे होतं. एक बदल खूप झटपट होतो, काही मिनिटांत, पण तो उलटा पण फिरतो, आणि हा बदललेला रेणू शरीरातून हळू जातो. दुसरा बदल सावकाश होतो पण पक्का असतो, त्यातून ल्युमिरुबिन नावाचा पदार्थ बनतो, तो पाण्यात विरघळतो, लिव्हरच्या त्या कच्च्या एन्झाइमची वाट न बघता पित्तातून आणि लघवीतून निघून जातो, आणि तोही पटकन. आकडा खाली येतो तो मुख्यतः यामुळे. तिसरा प्रकार म्हणजे ऑक्सिजनशी होणारी क्रिया, तिचा वाटा छोटाच.

यातली एक बारीक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. तो पहिला झटपट बदललेला रेणू लॅबच्या नेहमीच्या टेस्टमध्ये वेगळा दिसत नाही, तो पण बिलिरुबिनमध्येच मोजला जातो, पण तो मेंदूत शिरायला तुलनेने कमी सोपा असावा असं मानतात. म्हणजे पहिल्या काही तासांत आकडा जागचा हलला नाही तरी लाइटने काम सुरू केलेलं असतं, म्हणून लगेच हताश होऊ नका.

पायरी १: आकडा विचारा, आणि तो कशाच्या तुलनेत ते पण विचारा

"बिलिरुबिन ९ आहे" हे एकटं वाक्य काहीच सांगत नाही. ९ हा आकडा ३८ आठवड्यांच्या चार दिवसांच्या तब्येतीने चांगल्या बाळाला काहीच नाही, आणि २७ आठवड्यांच्या बाळाला लाइट आधीच चालू झालेला असायला हवा इतका जास्त आहे. म्हणून तीन गोष्टी एकत्र बघायच्या, बाळ गरोदरपणाच्या किती आठवड्यांना जन्मलं, जन्मून किती तास किंवा दिवस झाले, आणि तब्येत कशी.

३५ आठवड्यांच्या वरच्या बाळांसाठी तासांनुसार आलेख असतात. ३५ च्या आतल्यांसाठी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेले आकडे बऱ्याच ठिकाणी वापरतात, लाइट सुरू करायचे ते साधारण असे (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर):

२८ आठवड्यांच्या आत: ५ ते ६
२८ ते ३० च्या आत: ६ ते ८
३० ते ३२ च्या आत: ८ ते १०
३२ ते ३४ च्या आत: १० ते १२
३४ ते ३५ च्या आत: १२ ते १४

बाळ आजारी असेल, इन्फेक्शन असेल, अल्ब्युमिन कमी असेल, रक्तगट न जुळल्यामुळे पेशी तुटत असतील तर यातला खालचा आकडा धरायचा. आणि बाळ जसं मोठं होतं तसा रकाना पण बदलतो, म्हणजे २९ आठवड्यांना जन्मलेलं बाळ एक आठवड्याचं झालं की ते ३० आठवड्यांचं धरतात.

ब्रिटनमध्ये वेगळा हिशोब आहे, तीन दिवसांनंतर आठवडे गुणिले १० वजा १००, आणि उत्तर मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. ३० आठवड्यांचं बाळ असेल तर २०० मायक्रोमोल, त्याला १७.१ ने भागलं की साधारण ११.७ मिलिग्रॅम. बघा, वरच्या यादीत त्याच बाळाला ८ ते १० आहे. दोन्हीकडचे डॉक्टर जाणकारच आहेत, फक्त इतक्या लहान बाळांत नेमका कुठला आकडा धोक्याचा याची काटेकोर रेघ कुणालाच मारता आलेली नाही, म्हणून हे आकडे अनुभव आणि एकमतातून आलेत. तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या बाळाशी तुलना करून "त्यांना तर लावला नव्हता" असं डोक्यात घेऊ नका, सरळ विचारा की तुम्ही कुठला चार्ट बघता आणि माझं बाळ त्यावर कुठे आहे. रिपोर्टवर युनिट कुठलं आहे ते पण बघा, ९ आणि १५४ हे एकच असतात हे न कळल्यामुळे लोक उगाच धसका घेतात.

टोटल बिलिरुबिनचाच आकडा धरायचा, डायरेक्ट (म्हणजे लिव्हरने पाण्यात विरघळेल असं केलेला भाग) त्यातून वजा करायचं नाही. पण डायरेक्ट किती आहे ते लिहून ठेवा, पुढे लागतं.

पायरी २: लाइटचा डोस बरोबर आहे का

इथे मी जास्त थांबणार आहे कारण खरी गफलत इथेच होते. डोस तीन गोष्टींवर ठरतो, उजेडाचा रंग, त्याची ताकद, आणि अंगाचा किती भाग उजेडात आहे.

रंग म्हणजे तरंगलांबी ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या आसपासची, निळा ते निळसर हिरवा. यात अल्ट्राव्हायलेट नसतं, त्यामुळे बाळ उन्हासारखं भाजेल किंवा टॅन होईल ही भीती सोडा. ताकद मोजतात मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटीमीटर प्रति नॅनोमीटरमध्ये. साधी फोटोथेरपी ८ ते १० च्या आसपास असते आणि जोरदार म्हणजे इंटेन्सिव्ह ३० किंवा वर. हे मोजायला छोटा मीटर मिळतो. डोळ्याला झगझगीत दिसतं म्हणजे ताकद चांगली असं मुळीच नाही, ट्यूबवाल्या जुन्या मशीनच्या ट्यूबा वापरून वापरून क्षीण होतात आणि तरी छान निळ्या दिसत राहतात. मी स्वतः एकदा असं पाहिलंय, दीड दिवस एका बाळाचा आकडा जागेवर अडकलेला, सगळे इन्फेक्शन शोधतायत, शेवटी मीटर लावला तर रीडिंग ५. मशीन बदललं आणि पुढच्या सॅम्पलला आकडा हलला. तेव्हापासून प्रत्येक बाळाला लाइट सुरू करताना मी मीटर लावल्याशिवाय पुढे जात नाही.

आता बहुतेक ठिकाणी एलईडी मशीन आलीत. एलईडी कमी गरम होतात, जास्त टिकतात आणि बाळाच्या जवळ आणता येतात. अंतर फार महत्त्वाचं, मशीन थोडं वर सरकलं तरी ताकद पडते. पण जवळ किती ते कंपनीच्या सूचनेप्रमाणेच, हॅलोजनचा दिवा असेल तर तो जवळ आणला की भाजू शकतं. त्यामुळे स्वतः मशीन खाली-वर करू नका, पण साफसफाईत किंवा एक्स-रेला मशीन बाजूला केलं आणि परत नीट आणलं नाही असं दिसलं तर बिनधास्त सांगा, आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

तिसरी गोष्ट अंग किती उघडं. डायपर छोटा दुमडून घालायचा, टोपी-मोजे-दुपटं काढायचं, खालूनही उजेड देणारी गादी असेल तर दोन्ही बाजूंनी मिळतो. पेटीच्या कडेला पांढरं कापड लावलं तर उजेड परावर्तित होऊन डोस वाढतो, पण हवेची भोकं आणि वॉर्मरचा सेन्सर झाकायचा नाही. बाळाला दर दोन तासांनी कुशीवर, पालथं असं करत राहिलं तर कावीळ लवकर उतरते असं पूर्वी मानायचे, तसा फायदा अभ्यासात दिसलेला नाही. कूस बदलतो आम्ही, पण ती त्वचेसाठी आणि आरामासाठी.

एक धोक्याचं, अंगाला तेल किंवा क्रीम लावून लाइटखाली ठेवायचं नाही.

जास्त डोस म्हणजे जास्त चांगलं असं पण नाही

अगदी नाजूक बाळांच्या बाबतीत हे समजून घ्या. २००८ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १००० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाची १९७४ बाळं त्यात होती. अर्ध्यांना आकड्याची वाट न बघता लवकर आणि जास्त लाइट, अर्ध्यांना आकडा ठरावीक पातळीला गेल्यावर. लवकर लाइट मिळालेल्यांत पुढे विकासात मोठी अडचण आलेली मुलं २६ टक्के, दुसऱ्या गटात ३०. फायदा दिसला. पण ५०१ ते ७५० ग्रॅमच्या बाळांत लवकर लाइटच्या गटात मृत्यू ३९ टक्के आणि दुसऱ्यात ३४. हा फरक योगायोगाचाही असू शकतो एवढाच होता, पक्का पुरावा म्हणता येणार नाही, पण तेव्हापासून डॉक्टर मंडळी सावध झाली. इतक्या पातळ त्वचेतून उजेड खोलवर जातो, म्हणून अशा बाळांना बरेच जण कमी ताकदीने सुरू करतात आणि आकडा चढतच राहिला तर वाढवतात. तेव्हा तुमचं ७०० ग्रॅमचं बाळ असेल आणि शेजारच्या मोठ्या बाळाला दोन मशीन आणि तुमच्याला एकच, तर दुर्लक्ष होतंय असं समजू नका.

पायरी ३: पट्टी, नाक, तापमान

डोळ्यांची पट्टी रेटिना जपायला असते. ती घट्ट नको, सैल नको. कमी दिवसांच्या बाळाचं नाक एवढंसं, पट्टी खाली सरकली की नाकपुड्या बंद होतात, आणि या बाळांना श्वास विसरायची सवय आधीच असते, त्यामुळे तुम्ही पेटीजवळ बसला असाल तर हे एक काम नक्की करा, पट्टी कुठे आहे ते बघत राहा. प्रत्येक फीडच्या वेळी पट्टी काढून डोळे बघायचे, चिकट पाणी येतंय का, सूज आहे का. पट्टी काढलेल्या त्या पंधरा-वीस मिनिटांत बाळाच्या डोळ्यात बघून बोला, त्याला तुमचा चेहरा दिसू दे.

तापमान दोन्हीकडे घसरू शकतं. उघडं असल्याने थंड पडतं, जुन्या मशीनच्या उष्णतेने तापतं. ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस याच्यात हवं. तापलं तर ते मशीनमुळे की इन्फेक्शनमुळे हे ठरवायला लागतं, म्हणून फक्त लाइटवर ढकलून मोकळं व्हायचं नाही.

ऑक्सिजन मोजणारा पायाचा प्रोब झगझगीत उजेडात चुकीचं दाखवू शकतो, म्हणून त्यावर कापड गुंडाळलेलं दिसेल. शिरेतून पोषण चालू असेल तर त्या पिशव्या आणि नळ्या झाकलेल्या दिसतील, त्यातली काही व्हिटॅमिनं आणि फॅट उजेडाने खराब होतात.

पायरी ४: दूध, पाणी, वजन

ल्युमिरुबिन बाहेर पडणार शी आणि शूवाटे, म्हणजे पोट चालू राहिलं पाहिजे. आईचं दूध जमेल तेवढ्या लवकर आणि जमेल तसं, अंगावर, वाटी-चमच्याने किंवा नळीने. वरचं पाणी किंवा ग्लुकोजचं पाणी पाजून कावीळ "धुवून" निघत नाही, साधं बिलिरुबिन पाण्यात विरघळतच नाही, उलट पोट भरतं आणि दूध कमी जातं.

लाइटखाली त्वचेतून पाणी जास्त उडतं, बाळ जितकं लहान तितकं जास्त, एलईडीने हे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झालंय. म्हणून रोज वजन, शू किती आणि रक्तातलं सोडियम बघून डॉक्टर शिरेतलं पाणी ठरवतात. सगळ्यांना सरसकट वाढवून द्यायचं नसतं, जास्त पाणी पण या बाळांच्या फुप्फुसाला आणि हृदयाला जड जातं.

लाइट चालू आहे म्हणून बाळाला घ्यायचंच नाही असं नसतं. आकडा फार वर नसेल आणि जोरदार फोटोथेरपी चालू नसेल तर दूध पाजायला, कवेत घ्यायला अर्ध्या तासापर्यंत थांबवता येतं. पण आकडा रक्त बदलायच्या (ते काय ते पुढे सांगते) पातळीजवळ असेल तर नाही, तेव्हा लाइट अखंड हवा आणि फीड पण तिथेच. मला माहितेय ते तास किती जड जातात, तेव्हा पेटीच्या खिडकीतून हात आत घालून तळवा बाळाच्या डोक्यावर नुसता ठेवून बसा, चोळू नका, नुसता ठेवा, बाळ शांत होतं.

पायरी ५: परिणाम कधी दिसेल

पहिलं सॅम्पल साधारण ४ ते ६ तासांनी, मग आकडा स्थिर झाला की ६ ते १२ तासांनी. मोठ्या बाळांत साध्या फोटोथेरपीने २४ तासांत सुरुवातीच्या आकड्याच्या ६ ते २० टक्के घट आणि जोरदारने ३० ते ४० टक्के घट होते. लवकर आलेल्या बाळात मुळात आकडा लहान असतानाच लाइट लावलेला असतो, त्यामुळे घट पण लहान दिसते, कधीकधी आकडा नुसता वाढायचा थांबला हेच यश असतं.

या काळात बाळाच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. उजेड त्वचेतलं पिवळं आधी उडवतो, आत रक्तात ते असतंच. एक आजी रोज सांगायच्या, "सिस्टर, बाळ गोरंगोमटं झालं, आता काढा की लाइट", आणि रिपोर्टमध्ये ११. त्यांना मी डायपर बाजूला करून झाकलेली जागा दाखवली, तिथे हळदीसारखा रंग, मग पटलं. त्वचेवर टेकवून कावीळ मोजायचं मशीन पण याच कारणाने लाइट चालू असताना कमी दाखवतं, म्हणून टाचेतून रक्त घ्यावंच लागतं. टोचणं बघवत नाही हे खरं, ज्या वेळी घेणार तेव्हा आईच्या दुधाचे थेंब बाळाच्या तोंडात द्या किंवा हात धरा, रडणं कमी होतं.

आकडा लाइटखाली असूनही चढत असेल तर प्रश्न विचारायचे, लाइटची ताकद मोजली का, आई-बाळाचे रक्तगट आणि कूम्ब्स टेस्ट (आईच्या अँटीबॉडी बाळाच्या लाल पेशींना चिकटल्यात का ते बघणारी) झाली का, जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) बघितलं का, इन्फेक्शन आहे का, डोक्यात किंवा अंगात कुठे रक्त साचलंय का. आणि तरी चढला तर रक्त बदलणं, म्हणजे बाळाच्या एकूण रक्ताच्या साधारण दुप्पट रक्त थोडं थोडं काढत-घालत बदलतात. नीट चाललेल्या लाइटमुळे ती वेळ आता फार क्वचित येते.

साइड इफेक्ट, कुठले साधे आणि कुठले नाहीत

हिरवट पातळ शी, अंगावर बारीक लाल पुरळ, शूचा रंग गडद, ही साधी गोष्ट, लाइट बंद झाला की जाते. पातळ शीमुळे बुड लाल होतं, तेवढं स्वच्छ आणि कोरडं ठेवायचं.

कॅल्शियम कमी होऊ शकतं, हात-पाय थरथरले तर तपासतात. अगदी कमी दिवसांच्या बाळांत हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर बंद व्हायला हवी, ती उघडी राहण्याशी लाइटचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय, त्यामुळे बाळाचा श्वास अचानक बिघडला तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात.

बाळ करडं-तपकिरी दिसायला लागलं तर घाबरायला होतं, कांस्याच्या मूर्तीसारखा रंग येतो. हे ज्यांचं डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं असतं अशा बाळांत होतं. रंग लाइट बंद केल्यावर हळूहळू जातो, पण डायरेक्ट का वाढलं ते शोधावं लागतं. आधी म्हटलं होतं ना डायरेक्टचा आकडा लिहून ठेवा, तो यासाठी.

पुढे मोठेपणी काही होतं का? काही मोठ्या पाहणींमध्ये लाइट मिळालेल्या मुलांत फिट्सचं प्रमाण थोडं जास्त आढळलं, विशेषतः मुलग्यांत, पण ते लाइटमुळे की ज्या कारणाने लाइट लागला त्यामुळे हे सुटं करता आलेलं नाही. माझं मत विचाराल तर गरज असताना हे कारण देऊन लाइट नाकारणं म्हणजे मोठा आणि पक्का धोका पत्करणं, आणि गरज नसताना "राहू दे अजून एक दिवस" म्हणून लाइट चालू ठेवणं पण चूक. एकच अवस्था अशी आहे जिथे लाइट द्यायचाच नाही, जन्मजात पॉर्फिरिया (उजेडाने त्वचेला इजा होणारा एक दुर्मिळ आजार), घरात कुणाला असेल तर आधीच सांगा.

पायरी ६: लाइट बंद झाल्यावर

आकडा सुरू करायच्या पातळीपेक्षा २-३ मिलिग्रॅमने खाली आला की साधारण बंद करतात. बंद झाला म्हणजे संपलं नाही, आकडा परत थोडा उसळतो. लवकर आलेली बाळं, रक्तगट न जुळलेली, आणि ज्यांना पहिल्या तीन दिवसांतच लाइट लागला ती, यांच्यात ही उसळी जास्त. म्हणून १२ ते २४ तासांनी परत रक्त तपासतात आणि कधी लाइट परत लागतो. दुसऱ्यांदा लावला म्हणजे पहिल्या वेळी काही फसलं असं नाही.

घरी गेल्यावर

ऊन दाखवायचा सल्ला सगळीकडून मिळेल. सिस्टर वॉर्ड यांच्या गोष्टीनंतर मीच हे म्हणतेय हे विचित्र वाटेल, पण उन्हाचा डोस मोजता येत नाही, त्यात अल्ट्राव्हायलेट असतं, आणि दीड-दोन किलोचं बाळ उघडं ठेवलं तर एकतर गार पडतं नाहीतर भाजतं. उन्हावर विसंबून तपासणी पुढे ढकलू नका. लाइटचं मशीन भाड्याने आणून घरी लावायचा विचार तर कमी दिवसांच्या बाळाबाबत करूच नका.

बाळ दूध ओढेना, उठवून उठेना, अंग लुळं किंवा उलट धनुष्यासारखं मागे ताणलेलं, रडणं चिरकं, श्वास थांबतोय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता निघा. लक्षात ठेवा की कमी दिवसांच्या बाळात ही लक्षणं पुसट असतात, कधी नुसतं सुस्त पडणं आणि श्वास विसरणं एवढंच.

कावीळ तीन आठवड्यांच्या पुढे राहिली तर परत टोटल, डायरेक्ट आणि थायरॉइड तपासून घ्या. शी पांढरट, मातकट, खडूसारखी दिसली तर मात्र तीन आठवडे पण थांबायचं नाही, पित्ताची नळी बंद असू शकते आणि तिचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर निकाल चांगला येतो. शीचा फोटो काढून दाखवा, लाजायचं काही नाही.

आणि कानाची तपासणी. बिलिरुबिनचा फटका कानाच्या नसेला बसू शकतो आणि अशा वेळी ओएई नावाची साधी टेस्ट पास होऊन जाते, कारण ती फक्त आतल्या कानापर्यंतच बघते. म्हणून ज्यांचा आकडा वर गेला होता त्यांना बेरा नावाची टेस्ट करून घ्यायची, त्यात आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते कळतं. डिस्चार्ज कार्डावर सगळ्यात जास्त बिलिरुबिन किती होतं, किती तास लाइट लागला, शेवटचा आकडा किती आणि डायरेक्ट किती, एवढं लिहून मागा, नसेल तर सिस्टरला सांगा, आम्ही लिहून देतो, आणि बेराची तारीख घेऊनच बाहेर पडा.